डावा कान आणि घरातला अ‍ॅम्प

सकाळी फोनचा गजर वाजत होता आणि तो मला शेजारच्या बिऱ्हाडातून आल्यासारखा ऐकू येत होता. मी उजव्या कुशीवर झोपलो होतो, म्हणजे वर होता तो डावा कान. उठून बसलो तसा गजर एकदम मोठा झाला. कानात मळ साठला असेल म्हणून मी करंगळी घालून हलवली. काही फरक पडला नाही. आत एक बारीक शिट्टी चालू होती, आणि तिच्या पलीकडे डाव्या बाजूला जगच नव्हतं.

बायको चहा ठेवत होती. ती माझ्या डाव्या हाताला होती. ती काहीतरी बोलली, मला फक्त ओठ हललेले दिसले.

"काय म्हणालीस?"

"साखर कमी घालू का, विचारलं. लक्ष कुठंय?"

"डावा कान बंद झालाय," मी म्हणालो. ती हसली. मग माझ्या तोंडाकडे बघून तिनं गॅस बंद केला.

मी बेस गिटार वाजवतो. पोटापाण्यासाठी नाही, नोकरी अंधेरीच्या एका कंपनीत आहे. पण शाळा सुटल्यापासून शनिवार-रविवार माझे नव्हतेच, ते बँडचे होते. आमच्या घरात संगीत म्हणजे वडिलांची भजनाची पेटी, तीही गणपतीत उघडायची. बेस माझ्याकडे आला तो शाळेतल्या मित्रामुळे. मित्र पाचूबंदरचा, घरच्यांच्या दोन होड्या, आणि हा ड्रम वाजवणारा. त्यांचा बेस वाजवणारा आखाती देशात नोकरीला गेला आणि वसईतली लग्नं तोंडावर आली होती. मित्र माझ्या हाताकडे बघून म्हणाला, "बोटं लांब हायत तुझी. तारा चारच असतात. ये उद्या." मी गेलो, तो परत आलोच नाही म्हणायचं.

गिटारवाल्याचं कौतुक होतं, गाणारीबरोबर लोक फोटो काढतात, ड्रमवाल्याकडे लहान पोरं टक लावून बघतात. बेसवाला मागे अंधारात उभा. त्याच्या चार जाड तारांचा आवाज कानापेक्षा छातीत जास्त जाणवतो. माणिकपूरच्या हॉलमध्ये, राजोडीच्या रिसॉर्टवर, चर्चच्या मैदानात मी असा कित्येक लग्नांत मागे उभा राहिलो. पाहुणे नाचत आणि त्यांचे पाय माझ्या बोटांवर पडत, असं मला वाटायचं. हा माझा आनंद. कोणाला सांगायची गरज कधी पडली नाही.

वसईतल्या डॉक्टरांनी कानात बघितलं, कान स्वच्छ आहे म्हणाले, आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. मळ असता तर बरं झालं असतं, असं तेच म्हणाले. त्याच दिवशी त्यांनी मुंबईच्या तज्ज्ञाकडे पाठवलं. मग गोळ्या, मग कानाच्या पडद्यातून आत दिलेली इंजेक्शनं. इंजेक्शन दिल्यावर मान वाकडी करून पडून राहायचं, गिळायचंही नाही. औषध घशात उतरू नये म्हणून. मी छताकडे बघत पडायचो आणि बायको बाकावर बसून माझ्या चपला धरून ठेवायची. का धरायची, तिलाच माहीत.

कान थोडा परत आला. लोकांचं बोलणं ऐकू यायला लागलं, डब्यात बसून बोलल्यासारखं, पण यायला लागलं. डॉक्टर समाधानी दिसले. त्यांना मी काय वाजवतो ते सांगितलं होतं.

"आता स्टेज विसरा," ते म्हणाले. "तो आवाज तुमच्यासाठी नाही."

"आणि घरी?"

"घरी वाजवा ना. हळू आवाजात. कोण अडवतंय?"

घरी वाजवायला माझ्याकडे अ‍ॅम्पच नव्हता. हे लोकांना विचित्र वाटतं. इलेक्ट्रिक बेसला स्वतःचा आवाज नसतो, नुसत्या तारांची टकटक. स्पीकर असलेल्या पेटीतून, म्हणजे अ‍ॅम्पमधून, तो आवाज बाहेर येतो. बँडचा अ‍ॅम्प फ्रिजएवढा, तो सरावाच्या खोलीत असायचा. घरी मी कोरड्या तारांवर बोटं फिरवायचो, बायको टीव्ही बघायची, कोणाचा कोणाला त्रास नव्हता. आता सरावाची खोली सुटली. घरात ठेवण्याजोगा, खालच्या मजल्यावरून कोणी तक्रार करायला येणार नाही असा छोटा अ‍ॅम्प घ्यायचा ठरलं. आजारपणानंतर पहिल्यांदाच मला कशाची तरी ओढ लागली होती.

मित्र बरोबर आला. माणिकपुरात पहिल्या मजल्यावर वाद्यांचं दुकान आहे, खाली रिक्षांची रांग. मी माझा बेस घेऊन गेलो होतो, कारण अ‍ॅम्प निवडायचा तर आपल्याच वाद्यावर. दुकानदारानं आम्हाला ओळखलं, आदरानं स्टूल दिलं.

"बेडरूमसाठी ना सर? मग हा बघा. छोटा आहे, हेडफोन लागतो, मोबाइल जोडून गाणं लावता येतं."

मी ट्यूनर लावून तारा सुरात आणल्या. ट्यूनर वाद्याच्या डोक्याला चिमट्यासारखा बसतो, सूर जुळला की हिरवा दिवा लागतो. चारही तारांना हिरवा लागला. वायर लावली, आवाज थोडा उघडला आणि सगळ्यात जाड तार छेडली.

दोन बेस वाजले.

एक खालचा, माझ्या ओळखीचा. दुसरा त्याच्या जरा वर, चढा, त्याला घासत जाणारा. दारात बोट सापडल्यावर आपण हात मागे घेतो तसा मी तारेवरून हात काढला.

"याचा स्पीकर फाटलाय," मी म्हणालो.

दुकानदारानं वाकून बघितलं. "नवीन पीस आहे सर. कालच उघडला."

"मग वायर बघा."

त्यानं वायर बदलली. तेच. त्यानं दुसरा अ‍ॅम्प काढला, थोडा मोठा. तेच. तिसरा काढला. मी एक साधी चाल वाजवली, जी मी झोपेतसुद्धा वाजवीन, आणि ती मध्येच सोडून दिली. प्रत्येक सुराला त्याचं एक वाकडं भूत चिकटलेलं होतं. मी ट्यूनर पुन्हा लावला. हिरवा. दिव्यावर माझा विश्वास बसेना.

"कसला माल ठेवता तुम्ही?" मी आवाज चढवला. "एकही धड नाही. ऐकू येत नाही का तुम्हाला?"

दुकानदारानं माझ्याकडे न बघता माझ्या मित्राकडे बघितलं. मित्र इतका वेळ भिंतीला टेकून उभा होता. तो जवळ आला आणि त्यानं माझ्या कोपराला हात लावला.

"सूर बरोबर हाय," तो म्हणाला.

"काय बरोबर आहे? ऐक ना."

"ऐकतोय मी. तारा बरोबर हायत. अ‍ॅम्प पन बरोबर हाय." मग खूप हळू, पण माझ्या उजव्या बाजूनं, "तू एक कान बंद करून बघ."

मी डाव्या कानात बोट घातलं आणि दुसऱ्या हातानं तार छेडली. एकच सूर. स्वच्छ, खोल, जसा असायला हवा तसा. मग उजव्या कानात बोट घातलं. तोच सूर चढा, पातळ, दुसऱ्याच वाद्याचा. मी पुन्हा करून बघितलं. पुन्हा तेच. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, याचं मला अजूनही बरं वाटतं.

अ‍ॅम्प न घेता आम्ही उतरलो. मित्रानं बेस स्वतःच्या खांद्यावर घेतला. घराच्या दाराशी तो म्हणाला, "सुधारंल ते. कान नवीन हाय अजून." मी मान हलवली. बायकोनं विचारलं, "मिळाला का?" मी म्हणालो, "सगळे वाईट होते." मित्रानं माझ्याकडे बघितलं आणि पाणी मागितलं.

पुढच्या खेपेला मुंबईच्या डॉक्टरांनी मला काचेच्या खोलीत बसवून ते तपासलं आणि मग कागदावर गोगलगाईसारखी एक आकृती काढली. कानाच्या आत प्रत्येक सुराची जागा ठरलेली असते, त्या जागांवरच्या पेशी मेल्या की शेजारच्या पेशी उत्तर देतात, आणि मेंदूला सूर सरकलेला वाटतो. ते चांगलं समजावून सांगत होते. मला फक्त त्यांच्या हातातलं पेन हलताना दिसत होतं.

"हे परत जाग्यावर येतं?"

"त्या पेशी परत येत नाहीत. मेंदू कधी कधी सवय करून घेतो."

"कधी?"

"ते मी सांगितलं तर खोटं सांगितल्यासारखं होईल."

त्यानंतर मी वाद्य बघितलंच नाही. ते कपाटावर ठेवलं. घरात गाणी लावायची नाहीत असं मी म्हणालो नव्हतो, पण बायकोनं स्वयंपाकघरातला रेडिओ लावणं थांबवलं. रस्त्यावरून वरात गेली की मी खिडकी बंद करायचो. एखादं ओळखीचं गाणं कानावर पडलं की दोन बँड एकमेकांशी भांडत असल्यासारखं वाटायचं. ऑफिसात लोक म्हणायचे, ऐकू येतंय ना आता, मग झालं तर. खरं होतं ते. मी फोन घ्यायचो, मीटिंगमध्ये बसायचो. कोणाला दिसण्यासारखं काही झालेलंच नव्हतं. हात किंवा पाय मोडला असता तर निदान प्लास्टर तरी असतं. रात्री जेवताना मी बायकोवर खेकसायला लागलो होतो. ती उत्तर द्यायची नाही, आणि मला त्याचाही राग यायचा.

एका रविवारी सकाळी तिनं स्टूल घेतलं आणि कपाटावरून बेस स्वतः खाली काढला.

"काय करतेस?"

"मला सगळं माहीत आहे. तुम्ही दुकानातून आलात त्याच दिवशी तुमच्या मित्रानं फोन करून सांगितलं."

"मग?"

"मग काय. एक कान बरोबर आहे ना? त्या एका कानासाठी घेऊ. चला."

दुकानदार आम्हाला बघून उठून उभा राहिला. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "सोडा ना सर," आणि फडकं घेऊन पेट्या पुसायला लागला. मी डाव्या कानात मेणाचं बूच घट्ट बसवलं आणि सुरुवात केली.

सगळ्यात छोट्या अ‍ॅम्पमध्ये जाड तार नुसती टपटप करत होती. खालचा सूर त्या छोट्या स्पीकरला पेलतच नाही, तो त्याचा वरचा भाग तेवढा ऐकवतो आणि बाकीचं ऐकणाऱ्यानं मनात भरायचं असतं. धड कानाचा माणूस ते भरतो. मला जमेना. दुसऱ्यात नाना तऱ्हेचे आवाज होते, पाऊस पडल्यासारखे, गुहेत वाजवल्यासारखे. दुकानदार उत्साहानं बटणं फिरवत होता. त्या प्रत्येक आवाजात मूळ सूर कुठेतरी विरघळून जात होता आणि मला तर तोच पकडून ठेवायचा होता. हेडफोन मी लावूनच बघितले नाहीत. दोन्ही कानांत एकदम आवाज सोडणारी वस्तू मला काय करायची? सगळ्यात मोठा होता तो उत्तम वाजत होता, पण त्याचं आवाजाचं बटण जरा हललं की दुकानाची काच थरथरायची. आमच्या इमारतीत तो चालवला असता तर सोसायटीनं मलाच बाहेर काढलं असतं.

मधल्या आकाराचा एक होता. साधा, तीन-चार बटणं, काळी जाळी. आवाज हळूहळू वाढत होता, उडी मारत नव्हता. मी वाजवत असताना न कळत माझी टाच त्याच्या पेटीला टेकली. जाड तारेचा सूर टाचेतून पोटरीत चढला. मी वाजवणं न थांबवता डोळे मिटले. पायातून येणाऱ्या सुराला डावं-उजवं नव्हतं.

"हा," मी म्हणालो.

"याला मोबाइल जोडता येत नाही सर," दुकानदार म्हणाला.

"चालेल."

घरी बायकोनं त्याच्याखाली जुनी गोधडी घडी करून घातली, खालच्यांना थरथर जाऊ नये म्हणून. मी रोज संध्याकाळी ऑफिसातून आलो की कानात बूच घालून, टाच पेटीला लावून बसायला लागलो. सुरुवातीला नुसत्या मोकळ्या तारा. मग सरगम. मग लग्नातली एखादी चाल. पूर्वी मी कानानं वाजवायचो, बोटं मागून यायची. आता बोटांना पुढे पाठवून मी मागून चाललो होतो, आंधळ्या माणसानं कोणाच्या खांद्यावर हात ठेवून चालावं तसा. बूच काढून बघायचा मोह रोज व्हायचा. काढलं की तेच वाकडं भूत हजर. मित्र अधूनमधून यायचा, खुर्चीच्या पाठीवर ब्रशनं ताल धरायचा. मग होड्यांचा हंगाम सुरू झाला आणि त्याचं येणं कमी झालं.

त्याच्या मुलीचं लग्न आलं. चर्चमधली मिस्सा, म्हणजे लग्नाची प्रार्थना, झाली, मग पाचूबंदरजवळच्या मैदानात मांडव. अर्थात आमचाच बँड. मी नवा शर्ट घातला, खिशात बूच ठेवलं. माझ्या जागी कोण आलंय ते बघायची मला उत्सुकता होती आणि भीतीही. तो माझ्यापेक्षा चांगला असेल तर काय, आणि वाईट असेल तर काय.

माझ्या जागी कोणीच नव्हतं. ड्रमच्या मागच्या अंधारात, जिथे मी उभा राहायचो तिथे, कोल्ड्रिंकचे क्रेट रचलेले होते. बेस कीबोर्डवाला डाव्या हातानं कीबोर्डवरच वाजवत होता. मी बूच घालून, खांबाला टेकून ऐकलं. ठोकळेबाज होता, यंत्रासारखा, पण होता. लोक नाचत होते. नवरी नाचत होती, तिच्या मावश्या नाचत होत्या. कोणाच्या पायाला काही कमी पडलं असं दिसलं नाही.

मित्र मुलीचा बाप म्हणून घामाघूम होऊन फिरत होता. त्यानं मला बघितलं आणि हाताला धरून स्टेजकडे ओढायला लागला. "एक गानं. पोरीसाठी. मी ड्रमवर बसतो, तू ये."

"बेस कुठे आहे?"

त्यानं कीबोर्डवाल्याला विचारलं. तो माणूस भला होता, लाजला. "अंकल, आता बेसचा सेटअप आम्ही आणतच नाही. टेम्पोत जागा लागते." मग म्हणाला, "तुम्ही टाळ्या वाजवा ना वर येऊन."

मित्राचा चेहरा उतरला. त्याला हे माहीत असणार, पण मुलीच्या लग्नात विसरला असणार. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि त्याला ड्रमवर बसवलं. मग बायकोला घेऊन जेवायला गेलो. परत येताना तिनं विचारलं, "वाईट वाटलं?" मी म्हणालो, "हो."

त्यानंतर बरेच दिवस अ‍ॅम्पवर धूळ बसली. कोणासाठी वाजवायचं, हा प्रश्न मला आयुष्यात कधी पडला नव्हता, कारण समोर नेहमी कोणीतरी नाचत असायचं. मित्र एकदा सुके बोंबील घेऊन आला, बसला, अ‍ॅम्पकडे बघितलं. जाताना बायकोला म्हणाला, "वहिनी, त्याला सांगा, माझं चुकलं त्या दिवशी." त्याचं काय चुकलं होतं?

पुन्हा कधी सुरू केलं ते नीट आठवत नाही. काही ठरवून नव्हतं. ऑफिसला सुट्टी होती, दुपारी झोप येत नव्हती. मी बूच घातलं, टाच पेटीला लावली, एक जुनी संथ चाल धरली. बायको आत भाजी निवडत होती. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, माझ्या चालीत काहीतरी खटकतंय. उजव्या कानात. हाही कान गेला, असं मला वाटलं. मी तार दाबून आवाज बंद केला.

आवाज बंद झाला, तरी खटकणारं चालूच होतं. बायको गुणगुणत होती.

मी पुन्हा तार छेडली. माझा सूर बरोबर होता. तिचा त्याच्या खाली घसरत होता. मी स्वयंपाकघराच्या दारात गेलो.

"अगं, तू बेसूर गातेयस."

तिनं मान वर केली. "मी कायम अशीच गाते. शाळेत मला प्रार्थनेला मागे उभं करायचे. तुम्ही कधी ऐकलंत?"

लग्नाला इतकी वर्षं झाली आणि मी खरोखरच कधी ऐकलं नव्हतं. मी दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिलो.

"गा अजून," मी म्हणालो.

"वेडे आहात का? आता गाऊन दाखवू?"

"गा ना. मी वाजवतो."

ती गायला लागली, मुद्दाम मोठ्यानं, मला चिडवायला. एकही सूर जागेवर नव्हता, आणि मला त्यातला प्रत्येक चुकलेला सूर कुठे चुकला ते कळत होतं.

डावा कान आहे तसाच आहे. डॉक्टर दर तपासणीला तेच सांगतात, आणि आता मी विचारायचं सोडलं आहे. लग्नांना जातो, लवकर परत येतो. उजव्या कानाला काही झालं तर काय, हा विचार सकाळी डोळे उघडण्याआधी येतो. म्हणून मी आधी बायकोला हाक मारतो, आणि ती ओ देईपर्यंत हलत नाही.